वर्ष भरेपर्यंत

मंगळवार, १२ सप्टेंबर

पोरी,

दर वेळी 'अनेक आशीर्वाद' लिहून सुरुवात करते. आज ते लिहायला हात उचलवत नाही. माझी तब्येत बरी आहे, गुडघा आहे तसाच आहे. पत्र वाचून झाल्यावर तुला काही विचारायचा हक्क मला राहील असं वाटत नाही, म्हणून आत्ताच विचारते. जेवतेस ना वेळेवर?

त्या रविवारी सकाळी मी आधी चादरी भिजवल्या. भिंगरीने दूध सांडलं होतं, म्हणून तिची वेगळी. मग भांडी घासली, पाणी तापवलं, ढब्बूला आंघोळीला बसवलं. साबण डोळ्यांत गेला म्हणून तो बोंबलत होता आणि भिंगरी दाराबाहेरून म्हणाली, "आजी, त्याला सांग, डोळे मिटून घ्यायला पैसे पडत नाहीत." सात वर्षांची पोर आणि जीभ सत्तरीची. तू नेहमीसारखी आदल्या दिवशी पोरं माझ्याकडे सोडून पहाटे लॅबमध्ये गेली होतीस. मी भिंगरीच्या वेण्या घातल्या. डावी सैल झाली होती, ती सोडून परत घालणार तेवढ्यात दार वाजलं.

आपण दोघी हसायचो, आठवतं? तो चांगला वागला की 'माझा मुलगा', वाईट वागला की 'तुझा नवरा'. त्या सकाळी दारात उभा होता तो माझाच मुलगा होता, एवढं आता लिहून टाकते.

वेगळं राहायला लागून त्याला सहा महिने झाले होते. रविवार त्याचा, बाकीचे दिवस तुझे, हे तुम्ही माझ्याच स्वयंपाकघरात तोंडी ठरवलं होतं. कागदावर काही नव्हतं. मीच म्हटलं होतं, घरातल्या गोष्टीला कागद कशाला.

त्याच्या हातात मोठी बॅग होती. मी विचारलं, "एवढी बॅग कशाला रे?"

"पोहायला नेतोय. टॉवेल, कपडे लागतात."

"दोन पोरांचे टॉवेल की धोब्याचं दुकान?"

तो हसला नाही. पोलिसांना, वकीलबाईंना, तुला, तुझ्या भावाला मी हेच सांगत आले, की पोहायला नेतो म्हणाला. खोटं नाही ते. पण त्यापुढचं मी कुणाला सांगितलं नाही. बॅगेची चेन अर्धी उघडी होती आणि आत लोकरीचे कपडे होते. मार्चच्या उन्हात.

मग त्याने ते पुस्तक मागितलं.

ते पुस्तक तुला ठाऊक आहे. ढब्बू झाला तेव्हा मी बांधणीच्या कारखान्यातून पुठ्ठा आणि निळं कापड आणून पोरांचे सगळे कागद एकत्र बांधले होते. जन्माचे दाखले, लसींची कार्डं, शाळेचे कागद, मागच्या पुठ्ठ्याला आतून खिसा करून त्यात पासपोर्ट. तेवीस वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं शिवली, म्हटलं एक आपल्या घरचं शिवू. तू म्हणाली होतीस, "आई, झेरॉक्स काढून ठेवूया का आधी?" मी म्हटलं, "माझ्या बांधणीतून पान सुटत नाही." पान नाहीच सुटलं. सगळं पुस्तकच एका हाताने उचलून नेता आलं. सुटे कागद असते तर चार तुझ्याकडे राहिले असते, दोन माझ्याकडे. पोरं तुझीच आहेत हे दाखवायला तू पाच महिने सरकारी खिडक्यांपुढे उभी राहिलीस ती माझ्या त्या शहाणपणामुळे.

"शाळेचा फॉर्म भरायचाय," तो म्हणाला. रविवारी. मी कपाट उघडून दिलं.

संध्याकाळी तू आलीस तेव्हा चादरी वाळल्या होत्या आणि पोरं आली नव्हती.

पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पोलीस ठाण्यातला तो साहेब तुला म्हणाला, "बाई, बापाने स्वतःची पोरं नेली, त्याला चोरी कसं म्हणायचं? कोर्टाचा हुकूम आहे का ताब्याचा?" हुकूम नव्हता. मग वकीलबाई. त्यांच्या ऑफिसातल्या बाकावर मी तुझा हात धरून बसले होते, तुझा हात गार होता. त्या बाई सावकाश समजावून सांगत होत्या. इथल्या कोर्टात ताब्याचा अर्ज करता येईल, तो करूच. पोरांना हजर करा असा हुकूमही मागता येईल, पण पोरं देशाबाहेर गेली असतील तर इथला हुकूम तिथे कोण ऐकतो? पण देशादेशांत करार आहेत म्हणाल्या. तिथल्या कोर्टात अर्ज गेला तर ते कोर्ट आई चांगली की बाप चांगला हे बघत बसत नाही. पोरांचं घर कुठे होतं एवढंच बघतं आणि तिकडे परत पाठवतं. फक्त दोन गोष्टी लागतात. पोरं कुठे आहेत ते कळायला हवं. आणि अर्ज वर्षाच्या आत जायला हवा. वर्ष उलटलं की बाप म्हणू शकतो, पोरं आता इथे रुळली, उपटू नका. मग कोर्टालाही विचार करावा लागतो.

त्यांनी मला विचारलं, "आजी, तुम्हाला काही अंदाज? कुठल्या देशाचं नाव काढायचा? फोन, पत्र, काही?"

मी नाही म्हटलं. त्या दिवशी ते खरं होतं.

तरी त्या माझ्याकडे बघत राहिल्या, तेव्हा तू म्हणालीस, "त्यांना नका विचारू. त्या माझ्यापेक्षा जास्त रडल्यात." हे वाक्य मी दीड वर्षं अंगावर घेऊन फिरतेय.

मागच्या वर्षी जूनमध्ये, पोरं गेल्यापासून चौथ्या महिन्यात, कारखान्याच्या पत्त्यावर माझ्या नावाने पाकीट आलं. मालक म्हणाले, "मावशी, परदेशातून! लग्नबिग्न ठरवलंत की काय?" सगळे हसले. मीही हसले. जुळवणीच्या टेबलाखाली बसून फोडलं. भिंगरीने काढलेलं चित्र होतं, एक घर आणि चार माणसं, चौथी कोण ते लिहिलं नव्हतं. त्याचं पत्र होतं आणि वर पूर्ण पत्ता. त्याने लिहिलं होतं, 'वर्ष भरेपर्यंत तिला कळू देऊ नकोस. वकिलाने तसं सांगितलंय. कळलं तर मी परत घर बदलेन आणि मग तुलाही पोरं दिसणार नाहीत. वर्ष झालं की तुला इकडे बोलावतो.'

तू म्हणशील, कायदा तिला काय कळतो, म्हातारी घाबरली असेल. तसं म्हणू नकोस. मला सवलत नको. हे गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मला सही सोडून काही लिहिता येत नव्हतं. कारखान्यात फर्म्यांची, म्हणजे छापील तावांची, घडी करता करता आकडे ओळखले, मग अक्षरं, मग अख्खी पुस्तकं, सोळा-सोळा पानं, कधी मधूनच, कधी शेवट आधी. तेव्हापासून हातात आलेला कागद मी वाचल्याशिवाय सोडत नाही. ते पत्र आलं त्याच आठवड्यात मी वाचनालयात गेले आणि त्या कराराचं पुस्तक मागून घेतलं. बांधणी इतकी वाईट, की एक फर्मा उलटा शिवला होता. मला हवं असलेलं कलम नेमकं त्यात. पुस्तक उलटं धरून मी वाचत बसले, तेव्हा तिथला पोरगेला कारकून जवळ येऊन हळूच म्हणाला, "आजी, पुस्तक सुलट धरा." त्याला वाटलं मला वाचता येत नाही. मला चांगलं वाचता येत होतं. एक वर्ष, असं त्यात स्पष्ट छापलं होतं.

मी दिवस मोजत होते. आठ महिने राहिले, सात राहिले. तू दर शुक्रवारी कामावरून यायचीस. कधी कुठल्या देशाच्या वकिलातीला लिहिलेल्या पत्राची प्रत दाखवायचीस, कधी त्याच्या जुन्या कंपनीचं उत्तर. मी तुझी पत्रं शुद्ध करून द्यायचे. 'कृपया' कुठे घालायचं ते सांगायचे.

का, हे विचारशील. मी स्वतःलाही हज्जारदा विचारलं, आणि दर वेळी बरं दिसेल असं उत्तर शोधलं. त्याला तुरुंगात टाकतील ही भीती होती. पोरांचं चित्र परत येणार नाही ही होती. पण तळाशी जे आहे ते हे, की तुमच्या त्या शेवटच्या भांडणात तू म्हणाली होतीस, "मी पोरांना घेऊन माझ्या आईकडे जाईन, मग बसा तुम्ही मायलेक." तू रागात बोललीस, मला कळत होतं. तरी ते वाक्य मी जपून ठेवलं. म्हटलं, पोरं हिला मिळाली तर मला परकी होतील. त्याच्याकडे असली तर निदान कधीतरी बोलावेल. वर्ष भरलं, त्याला सहा महिने होऊन गेले. त्याने बोलावलं नाही. त्या एका पाकिटानंतर दुसरं आलंही नाही.

तू तेराव्या महिन्यात शोधून काढलंस. त्याच्या जुन्या सहकाऱ्याच्या बायकोकडे आलेला फोटो, त्यात शाळेच्या कुंपणावरची अर्धी पाटी. त्या अर्ध्या पाटीवरून तू गाव काढलंस. मला येऊन सांगितलंस तेव्हा तू उड्या मारत होतीस, आणि मी मनात म्हणत होते, एक महिना उशीर, पोरी, एकच महिना.

मागच्या गुरुवारी तिथल्या कोर्टाचा निकाल आला. पोरं रुळली आहेत, शाळा चांगली चाललीय, मोठीने न्यायाधीशांना तिथल्या भाषेत सांगितलं की मला इथेच राहायचंय. दर रविवारी अर्धा तास तुला स्क्रीनवर बोलायला मिळेल. हा रविवार पहिला. ढब्बू तुला त्या भाषेत काहीतरी म्हणाला आणि तू मान हलवून हसलीस, कळल्यासारखं. मी मागे उभी होते. तुला काही कळलं नव्हतं हे मला तुझ्या पाठीवरून दिसत होतं.

काल मी कामावर गेले नाही. ते पाकीट घेऊन वकीलबाईंकडे गेले. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला, परत घातला, परत वाचलं. मला वाटलं ओरडतील. नुसतं म्हणाल्या, "आजी, हे दहाव्या महिन्यात जरी आणलं असतंत, तरी पोरं आज इथे असती." मी म्हटलं, "माहीत आहे." त्या म्हणाल्या, "माहीत होतं?" मी म्हटलं, "होतं."

अपिलाची मुदत अजून तीन आठवडे आहे. वर्ष उलटावं म्हणूनच बापाने पोरं लपवली, हे त्याच्याच अक्षरात दाखवता आलं, तर त्या वर्षाचा फायदा त्याला देऊ नका असं वरच्या कोर्टात सांगता येतं म्हणे. आशा किती, विचारलं. त्या म्हणाल्या, थोडी. फार धरू नका, पोरं खरंच रुळली आहेत, आणि ते काही कोर्टाने खोटं लिहिलेलं नाही. म्हणून तूही फार धरू नकोस. मी आयुष्यभर त्याच्या बाजूने बोलले, आता विरुद्ध लिहून देतेय, आणि तेही बहुतेक फुकट जाणार.

प्रतिज्ञापत्रातली बाकीची सगळी उत्तरं मी दिली. तारखा दिल्या, पाकीट दिलं, चित्रही दिलं. एका प्रश्नाला अडले. पत्ता मिळाल्यावर लगेच तुम्ही काय केलंत, असा तो प्रश्न होता. मी म्हटलं, ते आधी तिला सांगते. शिक्का मारलेल्या कागदावर तिने ते वाचू नये. त्यांनी शुक्रवारपर्यंत वेळ दिलाय. उद्या हे पत्र तुझ्या दाराखालून सरकवीन. दार वाजवणार नाही. तू उघडशील आणि मी पुन्हा काहीतरी दुसरंच बोलेन.

पाकीट गुरुवारी आलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तू नेहमीसारखी आलीस. मी तुझी पिशवी घेतली, तुला पाणी दिलं, चहा टाकला. तू टेबलावर डोकं टेकून बसलीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "काही पत्ता लागला का गं?"

जिला तू आई म्हणायचीस,
ती