नव्वद अंशांचा नियम

७ एप्रिल, मंगळवार
खोली ३७ अं. प्रोसेसर सुरू करताच ५८. बसचा गेम लावल्यावर सहा मिनिटांत ९४. अकराव्या मिनिटाला संगणक आपोआप बंद. दादा तेव्हा घाटाच्या तिसऱ्या वळणावर होते. काळ्या पडद्याकडे पाहत राहिले, स्टीअरिंगवरचे हात काढले नाहीत. म्हणाले, "खरी गाडी बंद पडली की पॅसेंजर शिव्या देते. इथं तं शिव्या द्यायलेही कोणी नाही."
सुटे भाग मागवून हा संगणक दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः जोडला. थंडीत आकडा ८० च्या पुढे गेला नाही. मला ते समाधानकारक वाटले होते.

९ एप्रिल, गुरुवार
नोंदी का ठेवतो, असे माझ्या बायकोने, शोभाने विचारले. उत्तर इथे लिहून ठेवतो.
दादांचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला त्याला दोन वर्षे होतील. एकतीस वर्षे बस चालवलेला माझा थोरला भाऊ त्यानंतर भिंतीकडे तोंड करून पडून असे. दाढी नाही, बोलणे नाही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले होते: रोज उठून बसले नाहीत, तर पाठीला जखमा होतील, या साखरेत त्या भरणार नाहीत. औषधाने, रागावण्याने उठले नाहीत. गेमने उठले. आता सकाळी दाढी करतात, सदरा घालतात आणि दहाच्या ठोक्याला कुबड्या घेऊन खुर्चीकडे येतात. डाव्या पायाने दोन्ही पेडल सांभाळतात. हा घाट राजूर घाटापुढे लेकराचा खेळ आहे म्हणतात, पण रोज चढतात.
म्हणून यंत्र बंद पडता कामा नये.

१२ एप्रिल, रविवार
उपाय: कॅबिनेटची एक बाजू काढली. धूळ ब्रशने साफ. मागे जादा पंखा. गेममधील चित्रांचा दर्जा 'किमान'. ९४ चे ९१ झाले.
खोलीतला पाण्याचा कूलर तिकडे वळवावा, ही शोभाची सूचना. दमट हवा आत जाईल म्हणून नाकारली.
दर्जा कमी केल्याने रस्त्याकडेची झाडे गेली. दादांच्या लगेच लक्षात आले. "सारी झाडं तोडली बे तू. उद्या रस्ताही काढशीन."

१५ एप्रिल, बुधवार
नियम केला. आकडा पडद्याच्या कोपऱ्यात सतत दिसेल. ९० झाले की थांबायचे, वीस मिनिटे विश्रांती, मगच पुढे. सुवाच्य लिहून भिंतीला चिकटवला.
दादांनी चष्मा लावून वाचला. "रेडिएटरले पाणी पाजायले डायवर थांबते, हे तू मले शिकवून राह्यला का?"
परंतु नियम पाळला. दिवसात चार फेऱ्या, प्रत्येकी पाच-सहा मिनिटांची. एकही शेवटच्या थांब्यापर्यंत पोचली नाही.

२१ एप्रिल, मंगळवार
महाविद्यालयाचे कार्यालय सुटल्यावर घरी. दिवसभरातला कमाल आकडा पाहिला: ९९. शोभा म्हणाली, दुपारी न थांबता चालवत होते. दादांना विचारले. "शेवटचा स्टॉप दिसत होता. पॅसेंजर अर्ध्यात उतरवू काय?"
मी म्हणालो, "तुमच्या हट्टापायी प्रोसेसर जळेल." हेच शब्द.

२२ एप्रिल, बुधवार
संगणकाची वीजतार काढून पिशवीत घातली व कार्यालयात नेली. शोभा दारापर्यंत आली. "त्याहीले शिक्षा काऊन?" ही शिक्षा नसून यंत्राची काळजी आहे, असे मी सांगितले.
संध्याकाळी तार पुन्हा लावली, दादांना हाक मारली. आले नाहीत. पलंगावरूनच बोलले.
"डेपोच्या मेडिकल तपासणीत नापास झालो ना, त्या दिवशी सायबानं चावी अशीच घेतली होती."

२९ एप्रिल, बुधवार
आठवडा झाला. तार जागेवर आहे, खुर्ची रिकामी. दाढी वाढलेली. तोंड भिंतीकडे. जेवण अर्धी भाकर. अंग पुसताना कमरेच्या वर लाल चट्टा दिसला, सुपारीएवढा. डॉक्टर म्हणाले, उठवून बसवा. दोघांनी धरून बसवले. हात सोडताच आडवे झाले.
आज कुणी खेळत नसताना यंत्र सुरू करून पाहिले. ६१. सकाळची वेळ, खोली ३४ अं., गेम बंद. हे गणित बसत नाही. नुसते बसून राहिलेले यंत्र इतके तापत असेल, तर दादांच्या हट्टाचा…

३ मे, रविवार
खामगावहून उष्णता ओढून घेणारी पेस्ट आणली व आज प्रोसेसरवरचा पंखा उतरवला. शोभाने बॅटरीचा उजेड धरला होता. स्क्रू काढून पंख्याखालचा धातूचा ठोकळा उलटा केला. ती वाकून म्हणाली, "याच्यावर तं पन्नी हाय."
होती. कारखान्यातून येते तशी, पारदर्शक प्लास्टिकची. प्रोसेसर आणि धातू यांच्या मध्ये सहा महिने. आतली उष्णता धातूत उतरणार तरी कशी?
नजरचुकीने राहिली असती, तर तसे लिहिले असते. ती मी पाहिली होती. नव्या वस्तूवरची पन्नी मी काढत नाही; फ्रिजच्या दारावर आहे, रिमोटवर आहे. वस्तू चांगली राहावी म्हणून ठेवली. काढावी असे सूचनापत्रकात चित्र आहे. आज पाहिले.
पन्नी काढली, पुसले, नवी पेस्ट लावली. सुरू करताच ४१. गेम लावून चाळीस मिनिटे थांबलो: ७२. चालक नसल्यामुळे बस डेपोत नुसतीच घरघरत उभी होती.
दादांना सांगितले, दुरुस्त झाले. वळले नाहीत. कारण मी सांगितले नाही.

४ मे, सोमवार
सांगितले. पलंगाजवळ उभा राहून, पन्नीपासून पिशवीपर्यंत सर्व. भिंतीकडूनच म्हणाले:
"लेखी दे."
काय, म्हणून विचारले.
"खुलासा. लेखी दे."
नोकरीत गाडी उशिरा आली, आरसा फुटला, की डेपोतून त्यांना मेमो येई आणि खुलासा मी लिहून देत असे. माझी बी.कॉम.ची भाषा त्यांना कामाची वाटे. धुके, खड्डे, ब्रेक, गुरे यांतले एक कारण मी नेहमी शोधून काढले. चालकाची चूक एकाही खुलाशात नव्हती.

५ मे, मंगळवार
पहिला मसुदा: "सूचनापत्रक पुरेसे स्पष्ट नसल्याने व यंदाच्या उन्हाळ्याच्या तीव्रतेमुळे..." फाडला.
दुसरा: "पन्नी मी पाहिली होती व जाणूनबुजून काढली नाही. तापमान वाढण्याशी चालकाचा काहीही संबंध नव्हता. तरीही मी चालकास दोष दिला व वीजतार काढून नेली." खाली सही, दिनांक.
दादांनी न वाचता उशीखाली ठेवला. "पाहतो. सायेब लोकं आठ दिवस घेतात."

९ मे, शनिवार
चट्टा ओसरत नाही. मधली कातडी मऊ, जांभळट. दर दोन तासांनी कूस बदलतो. शोभा दिवसा, मी घरी असेन तेव्हा.
भिंतीवरचा नियम काढला. चिकटपट्टीसोबत रंगही निघाला.

१४ मे, गुरुवार
आज कातडी फुटली. डॉक्टर उद्या घरी येतील.
कार्यालयातून आलो तेव्हा खुलासा माझ्या टेबलावर. समासात दादांचे अक्षर, ओळ खाली उतरत गेलेली: "खुलासा समाधानकारक नाही. पुन्हा सादर करावा."
पेन त्यांनी स्वतः मागितला, असे शोभाने सांगितले. तिने उशा लावल्या, आणि ते बसले. लिहून झाल्यावरही बसून होते. किती वेळ, ते तिने पाहिले नाही. मी पोचलो तेव्हा तोंड भिंतीकडे.
ही थट्टा आहे की नाही, मला सांगता येत नाही. खुलाशात काय राहिले, असे दारातून विचारले.
"मेमोत कधी लिहून येत होतं काय? तूच शोध."
वस्तुस्थिती सर्व लिहिली होती. क्रमही बरोबर होता. पुन्हा वाचला, चार वेळा. 'चालक' दोनदा आहे, 'दादा' एकदाही नाही.
कोरा कागद घेऊन बसलो आहे. दिनांक घातला. पहिले वाक्य…