ताईच्या मागचं दार

११ फेब्रुवारी
काम पुन्हा सुरू झालं. सकाळपासून जोडखोलीत बसले. फिल्मचे तुकडे तपासले, क्रमाने टांगले, चार ठिकाणी जोडले. दुपारी डबा खाल्ला.
ताई नायिका असलेलं चित्र अर्धवट राहिलं आहे आणि ते जोडायचं माझ्याकडेच आहे. तुकडा उजेडासमोर धरला की ती दिसते. बहुतेक वेळा हसत असते.
कुणी सांत्वनाचं बोललं नाही. बरं वाटलं.

१२ फेब्रुवारी
निजताना दाराला कडी लावली. आईने उठून काढली. ताईला शूटिंगवरून यायला उशीर व्हायचा, म्हणून आमची कडी काढलेलीच असायची. ती तापात गेली त्याला महिना झाला.

१५ फेब्रुवारी
दिग्दर्शक मास्तर जोडखोलीत आले. नायिका सगळं सोडून नायकाच्या घरी येते, एवढा शेवटच घ्यायचा राहिला आहे. पण नायिका कुठून आणायची? कोरी फिल्मही एका शॉटपुरतीच उरली आहे. कंपनीचे शेठ नवी देणार नाहीत.
दोरीवर एक तुकडा मी बाजूला ठेवला होता. ताई बागेतल्या बाकावर झोपली आहे — दोन शॉटांच्या मध्ये डोळा लागलेला, तोंड किंचित उघडं. कॅमेरावाल्या काकांनी उजेड बघायला हँडल थोडं फिरवलं होतं. मास्तरांनी तो खिडकीशी नेला. म्हणाले, शेवट सापडला. वाट पाहून पाहून नायिका बाकावरच प्राण सोडते. लोक धाय मोकलून रडतील.
“ती झोपली आहे,” मी म्हणाले.
“लोकांना काय कळणार?”
“मला कळेल. गेलेली ताई मी पाहिली आहे. ती अशी नव्हती दिसत.”
एवढं मी कधी बोलत नाही. मास्तर तुकडा परत टांगून निघून गेले.

१६ फेब्रुवारी
आईने विचारलं, चित्रात शेवटी तिचं काय होतं? म्हटलं, नायकाच्या घरी जाते.
“नीट पोचते ना?”
हो म्हणून बसले!

१९ फेब्रुवारी
काकांनी तोड काढली. पाठमोरी बाई चालेल, फक्त अंगकाठी ताईसारखी हवी. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी नाही म्हटलं. मास्तर म्हणाले, मग बाकावरचाच शॉट. तेव्हा पाठमोरी उभी राहायला मी हो म्हटलं.
नायकाचं काम करणारा मिशीला मेण लावतो, म्हणून ताईने त्याचं नाव छबीदार ठेवलं होतं. तो म्हणाला, पाठीवर प्रेम करायचं तर पगार वाढवा. सगळे हसले. मग जवळ येऊन हळूच विचारलं, जमेल ना? तोही सुकला आहे.

२१ फेब्रुवारी
ताईचा पोशाख घातला. कमरेत सैल झाला. गळ्याशी तिच्या पावडरचा वास अजून आहे.
मास्तरांनी समजावलं — पायऱ्या चढायच्या, आत जायचं, वळून बघायचं नाही. दार उघडंच ठेवायचं, मागून छबीदार येईल. दुसऱ्यांदा घेता येणार नाही.
काका हँडल फिरवू लागले. पायऱ्या चढले. आत गेले. आणि हात मागे करून दार लावलं!
ताईने जन्मात कधी दार लावलं नाही. आई तिला म्हणायची, शेपूट राहिलंय का बाहेर? ताई पुढे आणि तिच्या मागून दार लावत मी, असंच लहानपणापासून चाललं. आज पुढे ती नव्हती, हे हाताला कळलं नाही.
अंधारात उभी राहिले. सगळं घालवलं, असं वाटलं. बाहेरून मास्तरांचा आवाज आला, फिरवत राहा, थांबू नका. मग दारावर टकटक झाली. छबीदार! मी फटीएवढं दार उघडून हात पुढे केला. त्याने तो धरला आणि आत आला. दार मीच लावलं. आत तो रडत होता, मिशी एका बाजूला उतरलेली.
बाहेर आलो तेव्हा फिल्म संपली होती. मास्तर म्हणाले, मी असं सांगितलं नव्हतं. मग म्हणाले, असू दे.

२ मार्च
शेवट जोडला. बाकावरचा तुकडा घरी आणला.

१४ मार्च
आईला चित्र दाखवायला नेलं. पूर्ण वेळ ताठ बसली होती. शेवटी पडद्यावर दार लागलं, तेव्हा तिने अंधारात माझा हात धरला. छबीदाराने टकटक केली तसे लोक हसले. मग तो आत गेला आणि टाळ्या पडल्या.
आम्ही परत निघालो. वाटेत आई म्हणाली, “दार तू लावलंस.”
हो म्हटलं.
“नीट पोचवलंस तिला.”

१५ मार्च
भांडी आवरली. दाराला कडी लावली. आई आत जागीच होती. उठली नाही. मी दिवा मालवला.