पूद आणि खाटेचे पाय

मी, तैसिया येगोरोव्ना सुखानोवा, देम्यान सुखानोव यांची विधवा, वय चौऱ्याहत्तर, राहणार येनिसेइस्क, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे.

१. राहतं घर आणि देम्यानची सुतारकामाची हत्यारं मुलगा ग्लेब याला द्यावीत. करवत आधी कलम ४ साठी वापरावी.

२. मांजरांची पैदास माझ्यामागे बंद. देम्यान बोटीवर कामाला. वसंतात नदीवरचं बर्फ फुटलं की जायचा, तो नदी गोठल्यावरच परत. नवी नवरी होते तेव्हा म्हणाले, "बिछाना खायला उठतो रे." तर म्हणतो, "थांब, पायाशी माणसाएवढं ओझं वाटेल असं मांजर करून देतो तुला." वेडच लागलं मेल्याला! प्रत्येक वेतातलं थोराड पिल्लू ठेवायचा, थोराडाशी थोराड जुळवायचा. मांजरं खरंच वाढली, आणि ऐन तारुण्यात पटापट गेली. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काळजाची भिंत जाड होते, ते रक्तातूनच उतरतं. आम्ही अंगापिंडाकडे बघत बसलो, काळीज कोण बघतंय? एकेक पुरताना देम्यान लहान मुलासारखा रडायचा.

३. आता एकटा पूद उरलाय. पूद म्हणजे जुन्या मापाचे सोळा किलो. बोका भरला अकरा, पण नावात कंजुषी कशाला? त्याचंही काळीज तसलंच. खच्ची करायच्या शस्त्रक्रियेची भूल त्याला झेपणार नाही, म्हणून मादी त्याच्याजवळ आणू नये. ग्लेब म्हणतो, "आई, एक वेत होऊ दे, बाबांचं नाव राहील." नाव थडग्यावर कोरलंय, बाळा. तिथे जाऊन वाच.

४. माझी खाट आणि पूद शेजारीण राइसा पावलोव्नाला द्यावेत. "नवरा नदीवर आणि बिछान्यात बोका!" असं ही बया गावभर सांगत फिरली. आता तीही विधवा आहे, आणि माझ्या आजारपणात रोज सूप तिनेच आणलं. पूदला उडी मारली की धाप लागते. खाटेचे पाय वीतभर कापावेत. मी जिवंतपणीच कापले असते, पण मग मला उठता आलं नसतं.

राइसा, खाट नुसती ठेवू नकोस, तिच्यावर झोप. देम्यान गेला तेव्हा मी महिनाभर दवाखान्यात होते, तेव्हा पूद खाली फरशीवरच बसून राहिला. रिकाम्या खाटेवर तो चढत नाही.

वाचून पाहिलं, बरोबर आहे.

तैसिया सुखानोवा (सही)

साक्षीदार: इन्नोकेंती लापिन, निवृत्त शिक्षक (सही), झिनाइदा कोरोबेनिकोवा, पशुवैद्य (सही)

येनिसेइस्क, १९ ऑक्टोबर २०१७. नदी अजून गोठलेली नाही.