मेंढ्याचं डोकं आणि साठ प्रश्न

४ फेब्रुवारी, सोमवार
परीक्षा केंद्राच्या डायरेक्टर बाईंनी बोलावलं. अकरावीच्या इतिहास परीक्षेसाठी साठ नवे प्रश्न हवेत, पाच अनुभवी शिक्षकांनी लिहिलेले, १५ मार्चच्या आत. जमलं तर माझ्या नावामागचं 'प्रभारी' जाणार आणि मी नारिन जिल्ह्याच्या प्रश्नविभागाचा कायमचा प्रमुख. नाही जमलं तर परत शाळेत, सातवीच्या वर्गावर. हे त्या हसत म्हणाल्या, तेव्हा विनोद असावा.
संकल्प: पाच शिक्षक गाठणे. रोज व्यायाम.
बायकोला, बुरुलला सांगितलं. ती वह्या तपासत होती. शाळेत काहीतरी शिकवते. म्हणाली, चांगलं आहे की. माझ्या कामातलं तिला काय कळणार? तिचा दोष नाही.

९ फेब्रुवारी
फॉर्म तयार केला. कलाकृती आहे. मुख्य रकाना एकच: 'शाळेतील अनुभव (वर्षे)'. बुरुलनेही एक मागून घेतला. कशाला, ते विचारायचं राहिलं.
व्यायाम उद्यापासून.

१३ फेब्रुवारी
तुरगुनआली मास्तरांना भेटलो. वय एकाहत्तर. जिल्ह्यातले निम्मे इतिहास शिक्षक त्यांच्या हाताखालून गेलेले. म्हणाले, लिहितो की, पण बरोबर उत्तर कोणत्या सालचं धरायचं? ज्या खानाला चौऱ्याऐंशीत जुलमी म्हणून शिकवला, त्यालाच चौऱ्याण्णवात वीर म्हणून शिकवला. सध्या तो कोण आहे रे, कादिरकुल?
मी म्हणालो, वर विचारून कळवतो. मास्तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझ्यावर खूश दिसले.

२२ फेब्रुवारी
चार फॉर्म आले. मास्तर, त्यांचे दोन शिष्य आणि कुणी जुमाकादिर. मास्तरांचा तिसरा शिष्य तोंडी हो म्हणालाय. झाले पाच! रविवारी सगळ्यांना घरी जेवायला बोलावलंय. मेंढा कापायचा. मटण पोटात गेलं की नाही म्हणायची कुणाची टाप नाही.
बुरुल म्हणाली, अहो, हाडं वाटताना वय बघा, कागद बघू नका. डोकं सगळ्यात मोठ्याचा मान, ते मास्तरांनाच द्या.
हेच आमचं चुकतं. सगळं वयावर, गुणवत्तेवर काहीच नाही. मी एक्सेल काढून अनुभव उतरत्या क्रमाने लावला. अव्वल: जुमाकादिर, ३८ वर्षे. मास्तर फक्त ३१. पेन्शनीनंतरची वर्षं धरलीच नाहीत म्हणे. मग भोगा.

२४ फेब्रुवारी, रविवार
जेवण झालं. म्हणजे सुरू झालं.
डोकं जुमाकादिरपुढे ठेवलं. वय छप्पन्न. मास्तरांना बरगडी. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मला वाटलं, आदराने. जुमाकादिर घाबराघुबरा होऊन ताट मास्तरांकडे सरकवू लागला. मी परत त्याच्यापुढे ढकललं. म्हणालो, संकोच नको, डेटा आहे.
मास्तरांनी हात पुसले. म्हणाले, घरी काम आठवलं. ते उठले म्हणून तिन्ही शिष्य उठले. जेवणानंतरची दुआसुद्धा न मागता! या वयात पचत नसावं.
जमेची बाजू: सगळ्यात अनुभवी माणूस टिकला. डोकंही पूर्ण संपवलं त्याने.

६ मार्च
जुमाकादिरचे साठच्या साठ प्रश्न आले. पहिला: 'एका हिवाळ्यात शाळेच्या भट्टीला किती टन कोळसा लागतो?'
चौकशी केली. गेली अडतीस वर्षं तो शाळा गरम ठेवणारी भट्टी पेटवतो. म्हणाला, साहेब, तुम्ही शाळेतला अनुभव विचारलात, मी खरं ते लिहिलं. लोक फॉर्म नीट वाचतच नाहीत.

८ मार्च
महिला दिन. टेन्शनमध्ये बुरुलसाठी फुलं आणायची राहिली. ती समजूतदार आहे.

१० मार्च, रविवार
बुरुल सकाळीच दुसरं डोकं शिजवून मास्तरांकडे निघाली. मी अडवलं, माझी काही पत आहे. तरी गेली. संध्याकाळी रिकामं पातेलं घेऊन आली. मास्तरांनी रिवाजाप्रमाणे कान कापून नातवंडांना दिले, आणि म्हणाले, डोकं पोचलं, आता बस लिहायला.
कुणाला म्हणाले? विचारलं नाही. माझ्या आधीच्या भेटीचा परिणाम, दुसरं काय.

१५ मार्च
साठ प्रश्न वेळेत पोचले. जिंकलो!
प्रश्न तपासून बघायला कुणीतरी पेपर सोडवायला हवा होता. डायरेक्टर बाईंनी मलाच बसवलं. हा विश्वास. देखरेखीला मात्र बुरुल कशी, कळलं नाही.

१८ मार्च
साठपैकी तेवीस. एक्केचाळिसावा प्रश्नच चुकीचा आहे, असं मी ठणकावलं. डायरेक्टर बाई म्हणाल्या, प्रश्न उत्तम आहेत, ज्याला काही येत नाही तो नेमका सापडतो. खाली सह्या पाच: मास्तर, तीन शिष्य, बुरुल. दुपारी विभागाच्या दारावरची पाटी बदलली. प्रमुख म्हणून बुरुलचं नाव. 'प्रभारी' नाही. मला सातवी ब.
घरी येऊन चहाची किटली उचलली. खाली फॉर्म. तपकिरी गोल डाग पडलेले. नाव बुरुल, विषय इतिहास, शाळेतील अनुभव बावीस वर्षे. महिनाभर मी त्यावर किटली ठेवत होतो. लाज वाटली. खूप वाटली.
विचारलं, बोलली का नाहीस? म्हणाली, हातात दिला होता की. तुम्ही म्हणालात, ठेव तिथे.
उद्या पहिला तास. सातवीला कुठला धडा आहे, ते तिलाच विचारावं लागेल.