खिडकीकरांचे चार गुण

प्रिय खिडकीकर यास,

सप्रेम नमस्कार. (ऑफिसातली ती खिडकीजवळची जागा सुटून पाच वर्षं झाली, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच.) टपालाने पत्र आलं म्हणून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. तुझी पाठ कशी आहे? रोजच्या मीटिंगमध्ये तुझं नुसतं डोकं दिसतं, पाठीची चौकशी करायची सोय नाही. लेक शिकायला परगावी गेल्यापासून घर खायला उठत असेल.

आता माझी फजिती माझ्या तोंडून ऐक. घरून काम करून माणसं दुरावली, असं आपल्या मॅडमना वाटतं (आणि ते खोटं नाही), म्हणून त्यांनी तो मूडचा फलक काढला. मीटिंगआधी स्वतःच्या मनाला दहापैकी गुण द्यायचे, हवं तर नाव लपवून. सगळे आठ देतात. आठ म्हणजे बरं आहे, पण विचारू नका. गेल्या सोमवारी मी चार दिले आणि नाव लपवायच्या चौकोनात खूण करायला विसरलो. सोळा वर्षं वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं लिहून जगाला बटणं शिकवणारा मी! झालं, सगळे हात धुऊन माझ्या मागे लागले. माझ्या एकटेपणावर सहा जण तासभर बोलले. मला बोलता आलं नाही, कारण गोंगाट नको म्हणून मला म्यूट केलं होतं. मग छपाईकडचा एक जण माझा जिवलग म्हणून नेमला. तो रोज तीनला फोन करून यादीतले पाच प्रश्न विचारतो. काल तोच रडवेला झाला, त्याला म्हणे कोणी नेमून दिलेलंच नाही. शेवटी यादी घेऊन मीच त्याला प्रश्न विचारले.

आपल्या जुन्या खोलीत असलं काही लागत नसे. तू माझ्याकडे पाठ करून बसायचास, तरी मी दोनदा सुस्कारा टाकला की करकरणारी खुर्ची मागे ढकलून म्हणायचास, "चल, चहा." कारण कधी विचारलं नाहीस. तुझी फार आठवण येते. इथेच लिहून टाकतो, मीटिंगमध्ये बोललो तर इतिवृत्तात जाईल.

पाठ शेकत जा.

तुझा,
पाठीमागचा

ता. क. त्या सोमवारी माझा मूड खरं तर आठच होता.

ता. क. दुसरा : माझ्याआधी फलकावर एक चार होता, बिननावाचा, सगळ्या आठांत एकटा. कॅन्टीनच्या चांगल्या चहालाही चारच गुण देणारा माणूस मला एकच माहीत आहे. त्याला सोबत म्हणून मी माझा चार मांडला. तुझाच होता ना? रविवारी सकाळी येतो. बोलायचं नसेल तर पाठ करून बस.