कार्डावर एकच पाहुणा

फ्रीगंज, उज्जैन
३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार

चि. रजूस,

दादाचे आशीर्वाद. श्रीकांतरावांना नमस्कार सांग. काल दसरा झाला. पाकिटात आपट्याचं पान घातलं आहे. पोस्टात त्याचा चुरा झाला तर चुऱ्यालाच सोनं समज. आम्ही दोघं ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे तिच्याशी भांडतात आणि ती माझ्याशी. संध्याकाळी टावर चौकापर्यंत फिरायला जातो. दिवाळीच्या खरेदीची गर्दी आतापासूनच इतकी आहे की चालणं थोडं आणि 'भाईसाब, जरा साइड' जास्त.

फोन का नाही केला म्हणशील. फोनवर आपण काय बोलतो ते तुलाही ठाऊक आहे. तब्येत, पाऊस, 'बरं, ठेवते.' एकवीस वर्षांत आपण तीन मिनिटांच्या पुढे कधी गेलो नाही. राखी मात्र दर वर्षी वेळेवर येते. ती मी स्वतःच डाव्या हातानं बांधतो. गाठ नीट बसत नाही, दुपारपर्यंत सुटते, मग पुन्हा बांधतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता कामाचं. आमच्या मृणालला २२ तारखेपासून रजा आहे. पाडव्याच्या दुपारी ती पुण्याहून विमानानं इंदूरला येते आहे. त्याच विमानात तिच्या शेजारची जागा तुझ्या नावानं काढली आहे. तिच्यावर चिडू नकोस, मीच काढायला लावली. श्रीकांतरावांना विमान सोसत नाही असं ती म्हणाली, म्हणून तिकीट एकच. सकाळी त्यांना ओवाळ, जेव, आणि नीघ. दुसऱ्या दिवशी भाऊबीज.

पुण्याच्या विमानतळावर मृणाल तुला लाउंजमध्ये नेईल. लाउंज म्हणजे आपली वरच्या वर्गाची वेटिंग रूमच, फक्त जेवणासकट. ती कंपनीच्या कामानं सारखी उडते, म्हणून विमानवाल्यांनी तिला सोनेरी कार्ड दिलं आहे. पुढच्या वर्षी कमी उडाली तर काढूनही घेतील. त्या कार्डावर तिला स्वतःबरोबर एकच पाहुणा नेता येतो. पाहुण्याकडे त्याच दिवसाचं, त्याच कंपनीच्या विमानाचं तिकीट पाहिजे. उड्डाणाला तीन तासांहून जास्त वेळ असेल तर आत घेत नाहीत. पाहुण्यानं तिच्याबरोबरच आत शिरायचं, मागून एकट्यानं येऊन चालत नाही. पाहुणा बदलता येत नाही. आणि एकदा बाहेर पडलीस की पुन्हा प्रवेश नाही, तेव्हा आत गेल्यावर आत बस. कॉफी घे. तिथं इडली-पोह्यांपासून सगळं मांडलेलं असतं, 'नको नको' करू नकोस.

तू हसत असशील. म्हाताऱ्याचा नियम पाठ करण्याचा सोस गेला नाही म्हणून. पण हे नियम मला पाठ झाले त्याला कारण घडलं, आणि पत्र खरं म्हणजे तेवढ्यासाठीच आहे. मघापासून मी इकडचं तिकडचं लिहितो आहे.

ऑगस्टमध्ये मृणाल आम्हा दोघांना हरिद्वारला घेऊन गेली होती. परतीचं विमान दिल्लीहून इंदूरला, दुपारचं. ते तीन तास उशिरा निघणार असं कळलं. मृणाल म्हणाली, "चला, लाउंजमध्ये आरामात बसू." आम्ही तिघं मोठ्या रुबाबात त्या काचेच्या दाराशी गेलो. काउंटरवरची मुलगी गोड बोलली, "मॅम, एक ही गेस्ट अलाउड है." मृणालनं पैसे भरून माझी सोय होते का विचारलं. तर आज गर्दी आहे, पैसे भरूनही प्रवेश बंद. मी मान उंच करून आत पाहिलं. निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

मृणाल वाद घालायला लागली. मी तिला थांबवलं. शेजारी नियमांचा बोर्ड होता, तो मी दोनदा वाचला. चांगला लिहिलेला होता, कुठं पळवाट नव्हती. मी म्हटलं, "नियम तो नियम. आईला घेऊन जा, तिचे गुडघे आहेत. मी रेल्वेचा माणूस, मला बाकावर झोपसुद्धा लागते."

समोरच एक लोखंडी खुर्ची होती, तिच्यावर बसलो. पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग मला कसंतरी व्हायला लागलं. दुखत काही नव्हतं. जाणारा-येणारा आधी त्या दाराकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. काचेतून तुझी वहिनी दिसत होती, हातात बशी घेऊन उभी, काही खात नव्हती. मृणाल दारापर्यंत येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही जा आत, मी बसते इथं." मी बोर्डाकडे बोट दाखवलं. कार्ड तिचं, ती बाहेर तर पाहुणा कुणाचा?

पंधरा मिनिटांत तुझी वहिनी पर्स सांभाळत बाहेर आली आणि धपकन माझ्या शेजारी बसली.

"अगं, आता परत आत सोडणार नाहीत," मी म्हटलं.

"नाही तर नाही. तिथं कोणाला जायचंय?" पर्समधून तिनं उज्जैनहून निघताना नानाखेड्यावर घेतलेल्या शेवेची पुडी काढली. आम्ही दोघं शेव खात बसलो. पुडी निम्मी झाली तेव्हा ती म्हणाली, "अहो, वन्सं त्या दिवशी अशाच बसल्या होत्या. फर्क इतकाच की त्यांच्या बाजूला येऊन कोणी बसलं नाही."

एवढं बोलून तिनं पुडी माझ्यापुढे धरली. एकवीस वर्षांत ती या विषयावर पहिल्यांदा बोलली.

रजू, त्या जंक्शनचं नाव मी लिहीत नाही. तुला ते ऐकवत नाही आणि मला लिहवत नाही. २००४ चा मे महिना. तू आणि तुझ्या सासूबाई सिंहस्थाचं स्नान करून निघाला होतात आणि माझ्या स्टेशनवर गाडी बदलायची होती. पुण्याची गाडी पाच तास उशिरा. मी तिथं स्टेशन मास्तर. फलाटाचा पत्रा तापलेला, नळाचं पाणीसुद्धा गरम. तू माझ्या ऑफिसात आलीस आणि म्हणालीस, "दादा, आईंना बरं वाटत नाहीये. तासभर वरच्या वेटिंग रूममध्ये बसू दे. मी बाहेर थांबते." तुमचं तिकीट स्लीपरचं होतं. मी तुला दारावरची पाटी दाखवली. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंना तू वळकटीवर आडवं केलंस आणि पाच तास पदरानं वारा घातलास. मी दोनदा समोरून गेलो. एकदा झेंडी हातात घेऊन, एकदा उगीचच.

त्यांना लू लागली, पुण्यात आठ दिवस अंथरुणावर होत्या, हे मला पोस्टकार्डानं कळलं. पुढं त्या सतरा वर्षं जगल्या आणि तेवढी वर्षं तुला काय ऐकावं लागलं असेल, ते मी कधी विचारलं नाही. 'भाऊ स्टेशन मास्तर, आणि आम्ही फलाटावर.' तू माहेरी येणं सोडलंस. मी समजलो की सासूबाई पाठवत नसतील. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या. तरी तू आली नाहीस.

मागच्या महिन्यात मृणालनं एक सांगितलं. ती तुझ्याकडे रविवारी जेवायला येते तेव्हा कधीतरी हा विषय निघाला, आणि तू म्हणालीस, "तुझे बाबा नियमाचे पक्के. आपल्या आईलासुद्धा सोडलं नसतं. वाईट वाटलं, पण त्यांना दोष नाही देत मी." मृणाल हे अभिमानानं सांगत होती. मी उठून गच्चीवर गेलो.

मला दोष दे, रजू. त्या दुपारी वेटिंग रूम रिकामी नव्हती. आत चौघं बसले होते. आमच्या एका साहेबांचे सासू-सासरे आणि त्यांच्याबरोबरचे दोघं. त्यांच्याकडे वरच्या वर्गाचं सोड, कुठलंच तिकीट नव्हतं; कोणाला तरी घ्यायला आले होते. साहेबांनी मला काही सांगितलेलं नव्हतं. मीच त्यांना ओळखून, हात जोडून आत बसवलं, कूलर त्यांच्याकडे वळवला आणि पन्हं मागवलं. रजिस्टरमध्ये नोंद केली नाही. तू आलीस तेव्हा मला भीती वाटली, की घामानं भिजलेली म्हातारी बाई आणि वळकटी आत आली तर त्यांना आवडणार नाही, आणि ते साहेबांपाशी बोलतील. माझं प्रमोशन तेव्हा साहेबांच्या टेबलावर होतं. म्हणून मी तुला पाटी दाखवली. नियम त्या दिवशी मी आधीच मोडला होता.

प्रमोशन मिळालं. पेढे तुलाही पाठवले होते. तू पोच कळवली होतीस, 'सगळ्यांना आवडले' म्हणून.

हे वहिनीला माहीत नाही. मृणाललाही नाही. तुझ्या मनातला नियमाचा पक्का दादा मला फार दिवस पुरला, सोडवत नव्हता. पण त्याच्या नावावर तुला भाऊबीजेला बोलावलं असतं तर ती दुसरी फसवणूक झाली असती. म्हणून तिकीट काढून ठेवलं आणि हे लिहायला बसलो. हे वाचून येशील तर ये.

येशील तर एक ऐक. इंदूरला उतरणाऱ्यांसाठी लाउंज नसतो, असला तरी मला कोण सोडणार आहे? मी बाहेर कठड्याशी उभा असेन. रुमाल हलवणार नाही, लाज वाटेल. टोपी घालून येईन, ओळखशील. वहिनीनं तुझ्यासाठी अनारशांचं पीठ आत्ताच मळून ठेवलं आहे आणि मला हात लावू देत नाही.

आणि नाही आलीस, तर तेही मला समजेल. मग मी येईन. भाऊबीजेला भावानं बहिणीकडे जायचं असतं, ते मी इतकी वर्षं तुझ्या सासूबाईंच्या तोंडाला भिऊन टाळलं. आता त्याही नाहीत. तुमच्या सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टर ठेवतो, मृणालनं सांगितलं. मी त्यात नाव लिहीन, वेळ लिहीन, 'कोणाकडे' तिथं तुझं नाव लिहीन. जन्मभर लोकांकडून लिहून घेतलं, एकदा आपणही लिहावं. मग वॉचमन तुला वर फोन करेल. सोड म्हणालीस तर वर येईन. नको म्हणालीस तर त्याच्याजवळ एक बाक आहे म्हणे. तिथं बसेन. पाच तासांपर्यंतचा माझा हिशोब आहे, त्याआधी उठणार नाही. तुला खाली यावंसं वाटलं तर शेजारची जागा मोकळी ठेवतो.

उत्तर लिहू नकोस. तिकीट वापर किंवा वापरू नकोस, मला कळेल.

तुझा,
दाराबाहेरचा
दादा