समोरच्या दुकानातली वजनं

बाबा, तुम्ही वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होतात हे मी इथे अमेरिकेत सहसा कुणाला सांगत नाही. विचारलंच तर म्हणते, सरकारी नोकरीत होते. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आता काय लपवायचं म्हणा! पण सवय मेली जात नाही.

रेडमंडच्या जुन्या घरातला तो रविवार आठवतो. बाहेर पावसाची पिरपिर, ओट्याशी तुम्ही मटार सोलताय, नवऱ्याच्या ऑफिसमधली चार मराठी मंडळी जेवायला आलीयेत आणि मी ऐटीत माझं संशोधन सांगतेय. दीर्घिका इतक्या वेगानं फिरतात की दिसणाऱ्या ताऱ्यांचं गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला पुरत नाही, म्हणून आम्ही न दिसणारं द्रव्य मानतो. काहीजण म्हणतात, गुरुत्वाकर्षणाचा नियमच बदला. पण तो नवा नियम आमच्या तपासणीत नापास होतो. तुम्ही हळूच विचारलंत, "तपासायचे आकडे कुठून येतात?" म्हटलं, दुर्बिणीतून, मग आम्ही ते साफसूफ करतो. "कुठल्या नियमानं?" "आपल्या जुन्याच." "अगं, मग एका वाण्याचा काटा तपासायला समोरच्या दुकानातली वजनं आणलीत की! आम्ही आमची वजनं घेऊन जायचो." सगळे हसले. "काका, पॉइंट आहे यार!" कुणीतरी म्हणालं, आणि माझं डोकंच फिरलं. "बाबा, हे किराणा दुकान नाहीये. कळत नाही त्यात बोलू नका ना, प्लीज."

"बरं," म्हणालात आणि उरलेले मटार सोललेत. भारतात परत जाईपर्यंतचे दोन महिने तुम्ही मला पावसाचं विचारलंत, गाडी जपून चालव म्हणालात, पण कामाचं एकदाही विचारलं नाहीत. लाज वाटते हो बाबा. तुमचा प्रश्न बरोबर होता, आणि ते मला तेव्हाच, तुमच्यावर ओरडतानाच कळलं होतं.

गेल्या आठवड्यात एका मोठ्या सभागृहात माझं भाषण झालं. नवा नियम खोटा ठरवण्याआधी आपली वजनं कुठल्या दुकानातली आहेत ते बघा, म्हटलं. कुणाच्याच दुकानातली नाहीत अशी वजनं आकाशात सापडतील का, ते मलाही अजून ठाऊक नाही, हेही कबूल केलं. समोरासमोरचे दोन वाणी सांगितले. टाळ्या पडल्या. मग एका विद्यार्थिनीनं विचारलं, हे उदाहरण कुठून सुचलं?

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून खरं लिहिते. तुमचं नाव अगदी ओठांवर आलं होतं. "असंच," मी म्हटलं, "घरी मटार सोलताना."

मटारसुद्धा तुम्हीच सोलत होतात.